ड्राफ्टमध्ये घरचा पोरगा आधी घ्यायचा का? मॉन्ट्रियल कनेडियन्सबद्दल मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी मूळचा सांगलीचा, गेली चौदा वर्षं कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या मॉन्ट्रियलमध्ये व्हर्दन भागात राहतो. जून उजाडला आणि एनएचएलचा, म्हणजे कॅनडा-अमेरिकेतल्या मोठ्या हॉकी लीगचा, ड्राफ्ट (नव्या पोरांची निवड) जवळ आला की ऑफिसात, रिंकवर (बर्फाच्या मैदानावर), आमच्या फॅमिली ग्रुपवर सगळीकडे तोच विषय निघतो, आमच्या कनेडियन्स टीमनं लोकल पोरं आधी घ्यायला नकोत का. दरवेळी तुकड्या-तुकड्यात उत्तरं देण्यापेक्षा म्हटलं एकदाच बसून लिहून काढू.

हॉकी म्हणजे ध्यानचंदवाली हॉकी का?

नाही, बर्फावरची. इथं नुसतं हॉकी म्हटलं तरी तीच.

आणि ड्राफ्ट म्हणजे आयपीएलच्या ऑक्शनसारखंच ना?

तसं नाहीये. ऑक्शनमध्ये बोली लागते, इथं नंबर लागतो. ३२ टीम, ७ राउंड, मिळून २२४ पोरं, बहुतेक सगळी अठरा वर्षांची. गेल्या सीझनला ज्या टीम तळाला राहिल्या त्यांचा नंबर आधी, त्यातही अगदी वरच्या नंबरांसाठी लॉटरी काढतात. तुमचा नंबर आला की तुम्ही नाव पुकारायचं आणि त्या पोराला साइन करायचा हक्क तुमचा, त्याला कुठं जायचंय हे त्याला कुणी विचारत नाही. म्हणून मग मॉन्ट्रियलच्या गल्लीत खेळून मोठा झालेला पोरगा पिट्सबर्गला जातो आणि स्लोव्हाकियाचा पोरगा आमच्याकडे येतो, आणि घरचा-बाहेरचा हा वाद तिथंच सुरू होतो.

बाकीच्या शहरांना नाही ते मॉन्ट्रियललाच एवढं का लागतं?

कारण ही टीम त्याच हेतूनं निघाली. १९०९ साली कनेडियन्स सुरू झाली ती फ्रेंच बोलणाऱ्यांची टीम म्हणून, एनएचएल लीगसुद्धा नंतरची, १९१७ ची. त्या काळी शहरात पैसा आणि मालकी इंग्रजीवाल्यांकडे, आणि फ्रेंच माणूस गिरणीत नाहीतर गोदीत राबणारा, त्याला छाती फुगवून आपलं म्हणता येईल अशी जी एक गोष्ट होती ती ही टीम. मार्च १९५५ मध्ये लीगच्या अध्यक्षानं कनेडियन्सच्या मॉरिस रिशारला उरलेल्या सीझनसाठी आणि प्लेऑफसाठी सस्पेंड केलं तेव्हा इथं रस्त्यावर दंगल झाली. रिशार नुसता गोल मारणारा असता तर एवढं पेटलं नसतं, लोकांना वाटलं की आपल्यातल्या एकाला मुद्दाम खाली दाबतायत.

आपल्याकडे दुकानाची पाटी मराठीत पाहिजे यावरून जे होतं ना, इथं फ्रेंच पाटीचं तसंच, १९७७ पासून त्याचा कायदा आहे. त्यामुळे हा सगळा राग-लोभ मला कुणी समजावून सांगावा लागला नाही, मला तो पहिल्या वर्षीच कळला.

पण पूर्वी नियमच होता ना, क्वेबेकची चांगली पोरं आधी मॉन्ट्रियलला मिळणार असा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि बाहेरच्या टीमचे फॅन तो टोमणा म्हणूनच मारतात, की तुमचे विजेतेपदाचे २४ कप फुकटचे आहेत. नियम होता हे खरं, पण त्यानं कप मिळाले हे खरं नाही.

ड्राफ्ट सुरू झाला १९६३ मध्ये, तोही मॉन्ट्रियलमध्येच. त्याआधी प्रत्येक क्लब ज्युनिअर टीम पोसायचा आणि पोरांकडून लहानपणीच एका फॉर्मवर सही घ्यायचा, सही झाली की पोरगा त्या क्लबचा. शिवाय आपल्या गावाभोवतालच्या ५० मैलांतल्या पोरांवर क्लबचा पहिला हक्क. रिशार, बेलिव्हो ही सगळी मंडळी त्या काळातली. ज्याँ बेलिव्होला तर क्वेबेक सिटी सोडून यायचंच नव्हतं, तेव्हा कनेडियन्सनं तो खेळत होता ती अख्खी सीनिअर लीगच विकत घेतली आणि १९५३ मध्ये त्याला आणला. घरच्या खेळाडूच्या मागं असं हात धुवून लागणं म्हणजे काय ते यातून कळतं.

ड्राफ्ट आल्यावर कनेडियन्सना सवलत मिळाली की बाकी कुणी नाव घ्यायच्या आधी दोन फ्रेंच-कॅनेडियन पोरं उचलायची. पण चांगल्या पोरांनी आधीच कुठल्या ना कुठल्या क्लबच्या फॉर्मवर सह्या केलेल्या, ती ड्राफ्टला येतच नव्हती, मग उचलणार कुणाला? ही जुनी पद्धत संपत आली तेव्हा कुठं सवलतीला अर्थ आला, १९६८ ला मिशेल प्लास हा गोली (गोलकीपर) आणि १९६९ ला रेजाँ हूल आणि मार्क तार्दिफ, पहिले दोन्ही नंबर. संपलं. पुढच्याच वर्षी सवलत गेली आणि नेमका त्याच वर्षी क्वेबेकचाच जिल्बेर पेरो ड्राफ्टला आला. बफेलो आणि व्हँकुव्हर या दोन नव्या टीम, पहिला नंबर कुणाचा हे ठरवायला जत्रेतल्यासारखं चक्र फिरवलं, काटा ११ वर थांबला, आधी वाचताना चूक होऊन व्हँकुव्हरचं नाव पुकारलं गेलं आणि मग दुरुस्त करून बफेलोला दिलं. पेरोनं पुढं आयुष्यभर ११ नंबरचीच जर्सी घातली, बफेलोतच.

मग कनेडियन्सचा पुढचा स्टार गी लाफ्लर कसा मिळाला?

डोक्यानं. लाफ्लर थुर्सो गावचा, १९७१ ला तो ड्राफ्टला येणार हे सगळ्यांना वर्षभर आधी दिसत होतं. कनेडियन्सचा जीएम (टीमचा मॅनेजर) सॅम पोलॉकनं १९७० मध्येच कॅलिफोर्नियाच्या टीमकडून तिचा पुढच्या वर्षीचा पहिला पिक, म्हणजे पहिल्या राउंडमधला निवडीचा नंबर, घेऊन ठेवला होता, कारण ती टीम तळाला जाणार हा त्याचा अंदाज. मधेच लॉस एंजेलिसची टीम त्याहून खाली घसरायला लागली तर त्यानं आपला राल्फ बॅकस्ट्रॉम हा चांगला सेंटर (मधला फॉरवर्ड) लॉस एंजेलिसला देऊन टाकला. कॅलिफोर्निया शेवटची आली, पहिला नंबर मॉन्ट्रियलचा, लाफ्लर मॉन्ट्रियलचा आणि पुढं पाच कप. यात सवलत कुठंच नव्हती, घरचा पोरगा पाहिजे म्हणून वर्षभर केलेली मेहनत होती.

१९८० चं नाव काढलं की म्हातारी माणसं हळहळतात, असं काय झालेलं?

माझा मुलगा ज्या रिंकवर प्रॅक्टिसला जातो तिचं नावच अरेना देनी सावार आहे. शनिवारी सकाळी सात वाजता बाहेर उणे वीस, आत बाकावर रबरी मॅट, ओल्या ग्लोव्हजचा तो आंबूस वास, आणि आम्ही सगळे आई-बाप गुडघ्यावर बसून पोरांच्या स्केट्सच्या लेस आवळतोय, बोटं बधिर. तिथं नातवाला घेऊन येणारे एक आजोबा आहेत, त्यांनी मला हे पहिल्यांदा सांगितलं. त्यांच्या लहानपणापासूनचं व्हर्दन, आणि ज्याच्या नावाची ही रिंक तो खेळाडू देनी सावार त्याच गल्ल्यांतला. ज्युनिअरला सावारच्या लाइनमध्ये, म्हणजे एकत्र उतरणाऱ्या फॉरवर्डांत, तिघं होते, तिघांचं नाव देनी, तिघांचा जन्म एकाच दिवशीचा, ४ फेब्रुवारी १९६१, सगळ्या शहराला ते तीन देनी म्हणून माहीत होते, आणि खेळायचे मॉन्ट्रियल ज्युनिअर्सकडून, म्हणजे कनेडियन्सच्या ऑफिसला तिकीटसुद्धा काढायची गरज नव्हती.

१९८० चा ड्राफ्ट मॉन्ट्रियल फोरममध्ये, म्हणजे टीमच्या जुन्या स्टेडियमात, पहिल्यांदाच लोकांसमोर, आणि पहिला नंबर मॉन्ट्रियलचा. त्यांनी नाव घेतलं डग विकेनहायझरचं, सस्कॅचेवानचा पोरगा, उंच सेंटर. सावारला तिसऱ्या नंबरवर शिकागोनं घेतलं. सावार १३३८ पॉइंट्स (स्वतःचे गोल अधिक दुसऱ्याच्या गोलला दिलेले पास) करून हॉल ऑफ फेममध्ये गेला, विकेनहायझरचे २७६.

इथं मला विकेनहायझरबद्दल बोलायचंच आहे, कारण त्याच्यावर फार अन्याय होतो. त्यानं शेवटच्या ज्युनिअर सीझनला ७१ मॅचेसमध्ये ८९ गोल केले होते, देशातला सर्वोत्तम ज्युनिअर खेळाडू तोच ठरला होता, आणि टीमला मोठ्या अंगाचा सेंटर पाहिजे होता. कागदावर तो पिक चुकीचा नव्हता. पण एकोणीस वर्षांच्या पोराला रोज रात्री दुसऱ्या कुणाच्या गोलांशी तोललं गेलं, आणि तेही त्या दुसऱ्याच्याच गावात. १९८३ च्या डिसेंबरमध्ये त्याला ट्रेड केलं. १९९९ मध्ये कॅन्सरनं गेला, जेमतेम ३७ वर्षांचा. ते आजोबासुद्धा त्याचं नाव काढताना आवाज खाली करतात.

आणि सावार शेवटी १९९० मध्ये आला मॉन्ट्रियलला, पण त्याच्या बदल्यात ख्रिस चेलियससारखा डिफेन्समन द्यावा लागला. १९९३ चा कप, मॉन्ट्रियलचा आजवरचा शेवटचा कप, सावारनं इथंच उचलला.

म्हणजे सरसकट लोकलच घेत गेलो असतो तर बरं झालं असतं?

नाही, आणि हे मी माझ्या फ्रेंच मित्रांनासुद्धा सांगतो, त्यांना आवडत नाही तरी. १९९८ घ्या. १६ व्या नंबरवर मॉन्ट्रियलनं एरिक शुइनारला घेतलं, क्वेबेकमध्येच वाढलेला, वडीलसुद्धा एनएचएल खेळलेले, फ्रेंच, सगळं जुळत होतं. सहा नंबरांनी फिलाडेल्फियानं सिमाँ गान्येला घेतलं, जो शुइनारच्याच क्वेबेक रेम्पार्ट्स टीममध्ये खेळायचा. गान्येनं जवळपास ३०० गोल केले, शुइनारच्या शंभर मॅचेससुद्धा भरल्या नाहीत. दोघंही घरचेच, मग घरचा घ्या या नियमानं काय सांगितलं असतं?

आपल्याकडचं २००८ चं उदाहरण अगदी असंच आहे, आयपीएलच्या पहिल्या वर्षी अंडर-१९ पोरांसाठी ड्राफ्ट झाला, दिल्लीचा नंबर पहिला, त्यांनी डावखुरा बॉलर प्रदीप सांगवान घेतला आणि विराट कोहली बंगळुरूला गेला. दोघंही दिल्लीचे.

२००९ ला तर ड्राफ्ट इथंच बेल सेंटरमध्ये होता, १८ व्या नंबरवर लुई लब्लाँचं नाव आलं, पॉइंट-क्लेअरचा, म्हणजे मेट्रो सोडून बसनं जाण्याइतका जवळचा, आणि अख्ख्या स्टेडियमनं छप्पर डोक्यावर घेतलं. बिचारा एनएचएलमध्ये ५० मॅचेस खेळला. त्याच्या लगेच पुढच्या नंबरवर न्यूयॉर्क रेंजर्सनं क्रिस क्रायडर घेतला, त्यानं पुढं एका सीझनमध्ये ५२ गोल केले. मला त्या टाळ्या समजतात, मी असतो तर मीही घसा बसेपर्यंत ओरडलो असतो, पण टेबलावर बसलेल्या स्काउटनं (टीमसाठी पोरं हेरणाऱ्यानं) टाळ्या मनात धरून नाव घ्यायचं नसतं.

मग तुमचं म्हणणं नेमकं काय? लोकल हवा की नको?

पहिल्या राउंडमध्ये टॅलेंट बघा आणि दुसरं काही बघू नका. पाचवा नंबर असेल आणि पाचव्या नंबराचा पोरगा रशियाचा असेल तर रशियाचा घ्या, २०२४ ला इव्हान डेमिडोव्हला घेतलं तसा. दोन पोरं खरोखर सारखी असतील, स्काउटांच्या खोलीत अर्धे इकडे अर्धे तिकडे असतील, तर घरचा घ्या, बिनदिक्कत घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि चौथ्या राउंडनंतर घरच्याला झुकतं माप द्या असं माझं ठाम मत आहे. का, तर तिथं उरलेली पोरं कुणालाच नीट ओळखता येत नाहीत, बहुतेक कधीच एनएचएल बघत नाहीत. अशा ठिकाणी तुम्हाला ज्याची जास्त माहिती तो घ्या. फिनलंडच्या एखाद्या पोराला तुमच्या स्काउटनं सीझनमध्ये चार-पाचदा बघितलेलं असणार, पण शेजारच्या लावालच्या पोराला तुम्ही बारा वर्षांचा असल्यापासून बघू शकता, त्याच्या कोचशी, शाळेतल्या मास्तरांशी बोलू शकता, हरलेल्या मॅचनंतर बसमध्ये तो कसा वागतो ते कळतं. घरच्या अंगणाचा फायदा हा एवढाच असतो, आणि तो पैशानं दुसऱ्या टीमला विकत घेता येत नाही.

माझी तक्रार टीमनं लाड केले नाहीत ही नाहीये. घरच्या पोरांना पुरेसं बघितलंच नाही ही आहे, आणि ती मी सोडणार नाही.

बघितलं नाही म्हणजे? पुरावा काय?

पात्रिस बर्जराँ. २००३. लान्सिएन-लोरेतचा, क्वेबेक सिटीला खेटून असलेलं गाव. ४० व्या नंबरवर मॉन्ट्रियलनं कोरी अर्कुहार्टला घेतलं, जो एनएचएलची एकही मॅच खेळला नाही, आणि ४५ व्या नंबरवर बर्जराँला कुणी घेतलं, तर बॉस्टननं. आमचा कट्टर वैरी. पुढची जवळजवळ वीस वर्षं तो माणूस बॉस्टनच्या जर्सीत येऊन आमच्याविरुद्ध खेळत राहिला, सर्वोत्तम डिफेन्सिव्ह फॉरवर्डची सेल्की ट्रॉफी सहा वेळा घेतली, आणि मॅचनंतर इथल्या चॅनलांशी सुंदर फ्रेंचमध्ये शांतपणे बोलायचा. अर्कुहार्ट आणि बर्जराँ दोघंही त्याच क्वेबेकच्या ज्युनिअर लीगमध्ये खेळत होते, आमच्याच अंगणात. हे मला अजूनही सलतं.

उलट जेव्हा नीट बघितलं तेव्हा काय झालं तेही ऐका. १९८४, पुन्हा फोरममध्येच ड्राफ्ट, मॉन्ट्रियलचा मारियो लेम्यू पहिल्या नंबरवर पिट्सबर्गला गेला, त्यात आपला इलाज नव्हता. पण तिसऱ्या राउंडमध्ये, ५१ व्या नंबरवर, कनेडियन्सनं क्वेबेक सिटीचा एक बारका गोली घेतला जो ज्युनिअरला अगदी कमजोर टीममध्ये खेळायचा आणि ढिगानं गोल खायचा. पॅट्रिक रुआ, इंग्रजीवाले रॉय म्हणतात तो. १९८६ चा कप आणि १९९३ चा कप, दोन्ही वेळा प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू तोच.

घरच्या पोराला घरीच खेळायचं प्रेशर झेपत नाही म्हणतात, खरंय का?

काहींना नाही झेपत, आणि यात मी फॅन लोकांनाच दोष देईन. जोनाथन द्रुअँला २०१७ मध्ये टँपाकडून आणलं, बदल्यात मिखाइल सर्गाचेव्ह दिला, जो टँपाकडून दोन कप जिंकला. द्रुअँ इथलाच, फ्रेंच, तर प्रत्येक खराब मॅचनंतर त्याला दोन भाषांमध्ये उत्तरं द्यायची. २०२१ मध्ये त्यानं टीममधून सुट्टी घेतली आणि नंतर स्वतः सांगितलं की अँक्झायटी आणि झोप न लागण्याचा त्रास होता. हे ऐकल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की आपण ज्याला आपला म्हणतो त्यालाच सगळ्यात जास्त टोचतो.

२०२० ची एक गोष्ट सांगतो. त्या वर्षी पहिल्या नंबरचा पोरगा होता अलेक्सी लाफ्रेनिएर, सँत-युस्ताशचा, इथून पाऊण तास. कोविडमुळे प्लेऑफच्या आधी एक जादा राउंड होता आणि त्यात जो हरेल त्याला पहिल्या नंबरची साडेबारा टक्के संधी. मॉन्ट्रियल विरुद्ध पिट्सबर्ग. शहरात सरळ दोन तट पडले, अर्धे म्हणत होते हरा रे बाबांनो. मॉन्ट्रियल जिंकली. लाफ्रेनिएर न्यूयॉर्कला गेला.

एकही लोकल नसलेली टीम खेळलीये का कधी?

हो. १० मे २०२१, एडमंटनविरुद्ध. शंभरहून जास्त वर्षांत पहिल्यांदाच क्वेबेकमध्ये जन्मलेला एकही खेळाडू त्या रात्रीच्या टीममध्ये नव्हता. त्यात दुखापतींचाही भाग होता. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात जे वातावरण होतं ते एखाद्याच्या घरी काहीतरी झाल्यासारखं. गंमत म्हणजे तीच टीम त्या उन्हाळ्यात फायनलला गेली आणि तेव्हा सगळे रस्त्यावर नाचत होते, मीही होतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रांताचे तेव्हाचे प्रीमियर (मुख्यमंत्री) लगो यांनी क्वेबेकमधली हॉकी कशी सुधारायची यावर एक कमिटी नेमली, माजी गोली मार्क देनी तिचा अध्यक्ष. मला हे योग्य वाटलं, कारण ड्राफ्टच्या टेबलावर पोहोचायच्या आधी पोरगा तयार व्हायला लागतो, आणि स्केट्स, पॅड, रिंकचं भाडं हे सगळं धरलं तर आज साध्या घरातल्या पोराला ते परवडत नाही, आम्ही स्वतः मुलाच्या दोन सीझनच्या वस्तू सेकंडहँडच घेतल्यात.

खेळाडू सोडा, निदान कोच तरी फ्रेंच बोलणारा पाहिजे का?

पाहिजे. इथं मी कडक आहे. खेळाडूनं पक (हॉकीची रबरी चकती) मारावा, पण कोच रोज लोकांशी बोलतो. डिसेंबर २०११ मध्ये फ्रेंच न येणारा रँडी कनीवर्थ हंगामी कोच झाला तर लोक निदर्शनं करायला स्टेडियमबाहेर उभे राहिले.

फुटबॉलमध्ये स्पेनची बिलबाओ टीम फक्त आपल्या बास्क भागातले खेळाडू घेते, मग मॉन्ट्रियल का नाही?

कारण बिलबाओ पोरगा लहान असतानाच आपल्या अकॅडमीत घेऊन तयार करते, तिला कुणी नंबर लावायला सांगत नाही. इथं पोरगा घडवणार ज्युनिअर क्लब आणि उचलणार ३२ टीमपैकी ज्याचा नंबर आला तो. नुसते घरचे म्हटले तर सात पिकमध्ये टीम उभीच राहणार नाही.

मग लोकल पोरांवर टीम उभी राहून जिंकलीये असं हल्ली कुठं झालंय का?

झालंय, आणि मुलींच्या लीगमध्ये झालंय. पीडब्ल्यूएचएल सुरू होताना ड्राफ्टच्या आधी प्रत्येक टीमला तीन खेळाडू साइन करायची मुभा होती. मॉन्ट्रियलनं बोसव्हिलची मारी-फिलिप पुलाँ घेतली. मिनेसोटानं घेतलेल्या तिघींत दोघी मिनेसोटाच्याच होत्या, आणि मग पहिल्या ड्राफ्टचा पहिला नंबरही त्यांना लागला तर टेलर हाइझी घेतली, तीही तिथल्या लेक सिटीची. २०२४ चा पहिला कप मिनेसोटाचा, आणि प्लेऑफची सर्वोत्तम खेळाडू हाइझी. पण लक्षात घ्या, मिनेसोटा हे पोरींच्या हॉकीचं आगरच आहे, तिथं घरची आणि सगळ्यात चांगली ही बहुतेक वेळा एकच मुलगी असते.

मार्टिन सँ लुईला कुणी ड्राफ्टच केलं नव्हतं हे खरं?

खरं. लावालचा पोरगा, उंची कमी म्हणून सगळ्यांनीच सोडला, कनेडियन्सनीसुद्धा. अमेरिकेत कॉलेज खेळला, पुढं २००४ मध्ये टँपाकडून कप आणि त्याच वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू. फेब्रुवारी २०२२ पासून आमचा कोच तोच आहे.

यंदा ड्राफ्ट बघणार असलो तर काय बघू?

पहिला दिवस सगळेच बघतात, सूट-बूट आणि रडणाऱ्या आया. तुम्ही दुसरा दिवस बघा, तेव्हा दुसऱ्यापासून सातव्या राउंडपर्यंत सगळं भराभर उरकतं. क्वेबेकच्या ज्युनिअर लीगमधली चार-पाच नावं आधी कागदावर लिहून ठेवा, प्रत्येकापुढे त्याचं गाव, आणि मॉन्ट्रियलचा नंबर आला की बघा त्यातलं कोण शिल्लक आहे आणि त्यांनी कुणाचं नाव घेतलं. मी ते कागद जपून ठेवतो, फ्रिजच्या वरच्या ड्रॉवरमध्ये आहेत, आणि पाच वर्षांनी काढून बघतो.